चिपळूणला भाड्याचं घर हवंय: सात हजारांपर्यंत, पुराचं पाणी न येणारं

कराडची_मीरा | ९ एप्रिल, रात्री ९.४०

नमस्कार. लोटे एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली आहे. १ जूनला हजर व्हायचंय. आम्ही तिघं आहोत: मी, माझी आई आणि सहा वर्षांचा मुलगा. कंपनीची बस बहादूरशेख नाक्यावरून सकाळी सव्वासहाला सुटते, म्हणून चिपळूणलाच राहायचं ठरवलंय. भाडं सात हजारांच्या आत हवं, अगदीच ताणलं तर साडेसात. डिपॉझिटसाठी तीस हजार बाजूला काढून ठेवलेत. आईचे दोन्ही गुडघे दुखतात, त्यामुळं तळमजला किंवा लिफ्ट असलेली बिल्डिंग.

मागच्या रविवारी कुंभार्ली घाट उतरून आले आणि दिवसभरात पाच घरं बघितली. दोन ठिकाणी लिफ्ट होती, पण भाडं अकरा हजार. एक घर इतकं अंधारं होतं की दुपारी दिवा लावावा लागला. एके ठिकाणी "मिस्टर काय करतात?" विचारलं, मी घटस्फोट झालाय म्हटल्यावर घर दाखवलंच नाही. पाचवं घर मात्र मनात भरलं. पेठमापाकडं, तळमजला, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, मागं शेवग्याचं झाड, भाडं साडेपाच हजार. नवा रंग दिलेला. मालक बोलायलाही चांगले. पुराचं विचारलं तर म्हणाले, "इथे विशेष काही येत नाही."

बुधवारपर्यंत दोन हजार टोकन द्या म्हणतात. देऊ का? तिथल्या माहीतगारांनी कृपया सांगावं.

---

वाशिष्ठीकाठ | ९ एप्रिल, रात्री १०.१५

मीराताई, टोकन देऊ नका. निदान उद्या सकाळपर्यंत थांबा.

माझा जन्म चिपळूणचा. २६ जुलै २००५ चा पूर पाहिला आणि २२ जुलै २०२१ चाही. २०२१ ला पहाटे पाणी चढायला लागलं. उजाडेपर्यंत आमच्या तळमजल्यावरची कपाटं तरंगत होती. आम्ही सात माणसं वरच्या शेजाऱ्यांकडे दोन रात्री बसून होतो. बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला जाऊन टेकलं होतं. पेठमाप, मुरादपूर, शंकरवाडी, वडनाका, चिंचनाका, खेर्डी, सगळीकडे पाणी होतं. मालक खोटं बोलतायत असं मी म्हणणार नाही. "विशेष" म्हणजे काय ते ज्याच्या त्याच्या मनावर असतं. दरवर्षी अंगणात घोटाभर पाणी पाहणाऱ्याला ते विशेष वाटत नाही.

तुम्ही घाटावरून येताय म्हणून कारण सांगतो. वाशिष्ठी सह्याद्रीवरून थेट खाली येते आणि गोवळकोटपर्यंत खाडीची भरती वर चढते. कोयनेचं वीज करून सोडलेलं पाणीही कोळकेवाडीमार्गे याच नदीत येतं. वर धो धो पाऊस आणि खाली भरती एका वेळी आली की पाण्याला जायला जागाच उरत नाही, ते गावात पसरतं. २०२१ नंतर नदीतला गाळ बराच काढला, त्याचा फायदाही आहे. पण भरती काही कुणी थांबवू शकत नाही.

म्हणून इथे भाडं विचारायच्या आधी एकच प्रश्न विचारायचा, "एकवीसला पाणी कुठवर होतं?" आणि तो मालकाला विचारायचा नाही. शेजारच्या बाईंना, किराणावाल्याला, इस्त्रीवाल्याला विचारा. इथल्या माणसाला पायरीगणिक आठवतं.

---

रातांबा | ९ एप्रिल, रात्री ११.०५

वरच्या प्रतिसादाशी शंभर टक्के सहमत. घर बघायला गेलात की हेही बघा:

स्विचबोर्ड नेहमीच्या उंचीवर आहेत की छातीच्या वर नेलेत? दरवाजाची चौकट खालून फुगलीय का? कडाप्प्याखाली, माळ्याच्या कोपऱ्यात, खिडकीच्या गजांच्या सांध्यात बोट फिरवा. पुराचा गाळ अगदी बारीक, मेणासारखा असतो, कितीही धुतलं तरी सांध्यात राहतो. आणि वायरिंग पुरानंतर नवं केलंय का ते नक्की विचारा. आमच्या ओळखीच्यांकडे जुनीच वायर राहिली होती, पुढच्या पावसाळ्यात भिंतीला हात लावला की झिणझिण्या यायच्या.

नव्या रंगावर जाऊ नका. एप्रिलमध्ये कोकणातलं प्रत्येक घर सुंदर दिसतं. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, घराची परीक्षा जुलैत होते. पश्चिमेकडच्या भिंतीला बाहेरून पत्रा किंवा नीट गिलावा आहे का, गच्चीवर शेड आहे का, एवढं तरी बघा. शेड नसेल तर वरच्या मजल्याचं छत गळतं आणि कपडे वाळत घालायला जागा राहत नाही. लहान मूल असलेल्या घरात चार महिने ओले कपडे म्हणजे काय ते मी भोगलंय.

---

कराडची_मीरा | १० एप्रिल, दुपारी १.२०

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. रविवारी काढलेल्या एका फोटोत त्या घराच्या कोपऱ्यावरचं किराणा दुकान आलं होतं, पाटीवर नंबर होता. आज जेवणाच्या सुट्टीत फोन केला. ते काका म्हणाले, "ताई, माझ्या दुकानातल्या सगळ्यात वरच्या फळीवरचे साबणसुद्धा गेले. तुम्ही बघितलंत ते घर माझ्यापेक्षा दोन पायऱ्या खाली आहे."

मालकांना नाही म्हणून कळवलं. पण आता प्रश्न मोठा झालाय. आईसाठी तळमजला हवा आणि परवडणारे तळमजले सगळे पाण्यातले. काय करावं?

---

लोटेकर | १० एप्रिल, सायं ६.५०

मी पंधरा वर्षं लोट्याला नोकरी करतो. दोन गोष्टी सुचवतो.

बस नाक्यावरून सुटते म्हणजे ती तिथेच उभी राहून भरते असं नसतं. बऱ्याच कंपन्यांच्या गाड्या आधी गावातून किंवा हायवेने दक्षिणेकडून माणसं घेत येतात. एचआरला फोन करून पूर्ण मार्ग मागून घ्या. बस कापसाळकडून येत असेल तर तुमचा प्रश्न निम्मा सुटला. तो भाग उंचावर आहे.

दुसरं, लोट्यालाच राहा असं कुणी सांगेल. भाडं कमी पडतं हे खरं, पण कारखान्यांच्या वासाची सवय नसलेल्या वयस्कर माणसाला आणि मुलाला त्रास होऊ शकतो. आधी दोन दिवस राहून बघा. खेडचा विचार करत असाल तर तिथे जगबुडी नदी आहे, तिचाही पूर असतो. आणि पुराला भिऊन अगदी डोंगराच्या कुशीत जाऊ नका. त्याच २०२१ च्या पावसात पेढे गावात दरड घरांवर आली होती. घराच्या मागे उभा कापलेला उतार असेल तर भाडं कितीही कमी असो, सोडून द्या.

---

सुमती_जोग | १० एप्रिल, रात्री ८.३०

मीरा, मी सत्तरीची आहे आणि माझेही गुडघे गेलेत, म्हणून हक्काने सांगते. तळमजल्याचा हट्ट सोड. तुझ्या आईला रोज किती वेळा खाली उतरावं लागणार? दूध, भाजी घरपोच येते. देवळात जायचं तर दिवसातून एकदा. पहिला मजला, कमी उंचीच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना कठडा आणि मध्ये टेकायला जागा असेल तर ते जमतं. पण रात्री दोन वाजता पाण्यातून म्हाताऱ्या माणसाला उचलून वर न्यायचं हे जमत नाही. आमच्या आळीत २०२१ ला ते करावं लागलं होतं.

घर बघायला जाशील तेव्हा आईला घेऊन जा. पायऱ्या तिलाच चढू दे.

---

नवा_भाडेकरू | ११ एप्रिल, सकाळी १०.१०

खर्चाचं बघताय म्हणून सांगतो. करार ११ महिन्यांचा करून नोटरी करून टाका. पाचशे रुपयांत काम होतं. ११ महिन्यांच्या कराराला रजिस्ट्रेशन लागत नाही.

---

दस्तलेखणी | ११ एप्रिल, दुपारी १२.४५

नवा_भाडेकरू, तुमचा हेतू चांगला आहे, पण ही माहिती चुकीची आहे आणि महाराष्ट्रात घरोघरी पसरलेली आहे. मी लिव्ह अँड लायसन्सचे दस्त करण्याचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९, कलम ५५. करार लेखी हवा आणि नोंदणीकृत हवा, मग तो ११ महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याच कलमात असंही आहे की लेखी नोंदणीकृत करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, ते खोटं ठरवण्याचा भार मालकावर. हे मालकांना सांगितलं की बहुतेक जण स्वतःहून नोंदणीला तयार होतात.

खर्चाचा बाऊ करण्यासारखा तो नाहीच. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. एकूण म्हणजे पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज. मीराताईंचं धरू: सात हजार भाडं, तीस हजार डिपॉझिट, ११ महिने. भाडं ७७,०००, व्याज पावणेतीन हजार, म्हणजे ऐंशी हजारांच्या आत. शुल्क साधारण २०० रुपये. नोंदणी फी नगरपरिषद हद्दीत १,००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५००.

आता ३६ महिन्यांचा करार केला तर? भाडं २,५२,०००, व्याज ९,०००. शुल्क साडेसहाशेच्या आसपास. नोंदणी फी तीच. म्हणजे दर ११ महिन्यांनी फी भरण्यापेक्षा एकदाच तीन वर्षांचा करार केला तर पैसे वाचतात आणि दरवर्षी "भाडं वाढवा नाहीतर सोडा" हा ताणही जातो. वाढ करारातच लिहून घ्या, वर्षाला किती ते. लिव्ह अँड लायसन्स जास्तीत जास्त ६० महिन्यांचा करता येतो.

ऑनलाईन नोंदणी घरबसल्या होते, आधार आणि अंगठा लागतो. मालक मुंबईला असले तरी तिथून अंगठा देऊ शकतात.

अजून एक: कंपनी घरभाडं भत्ता देत असेल आणि त्यावर करसवलत घेणार असाल, तर वर्षाचं भाडं एक लाखाच्या आत असेपर्यंत मालकाचा पॅन द्यावा लागत नाही. कित्येक मालक याच भीतीने करार टाळतात. तुमचं भाडं ८४ हजार होतं, त्यांना तसं सांगा.

---

नवा_भाडेकरू | ११ एप्रिल, दुपारी २.००

दस्तलेखणी, धन्यवाद. माझा स्वतःचाच करार नोटरीचा आहे. या आठवड्यात मालकांशी बोलतो.

---

खाडीपलीकडे | ११ एप्रिल, रात्री ९.५५

सगळे पाण्याबद्दल आणि कागदांबद्दल बोलत आहेत, मी एक वेगळी गोष्ट लिहितो, कारण ती मीराताईंच्या पहिल्या पोस्टमध्येही आहे.

मी याच तालुक्यातला. नोकरी शहरात लागली तेव्हा घर शोधत होतो. फोनवर सगळं ठरायचं, भाडं, डिपॉझिट, तारीख. शेवटी विचारायचे, "आडनाव काय?" सांगितलं की तासाभरात फोन, "अहो, घर कालच गेलं." असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी मी त्याच नंबरवर मित्राला फोन करायला लावला, घर रिकामंच होतं. बायकोला हे सांगितलं नाही, तिला वाटत राहिलं मला घर पसंत पडत नाही.

शेवटी घर मिळालं ते एका निवृत्त शिक्षिकेचं. त्यांनी आडनाव विचारलं ते कराराच्या कागदावर लिहिण्यासाठी. आज सहा वर्षं तिथे आहोत.

मीराताई, ज्यांनी मिस्टरांचं विचारून दार लावलं त्यांचं मनाला लावून घेऊ नका. पण आधीच सांगून टाकत जा. फोनवरच म्हणा, मी, आई आणि मुलगा, घर माझ्या नावावर घेणार. नाही म्हणणारे तिथेच नाही म्हणतात, घाट उतरून यायचे कष्ट आणि गाडीभाडं तरी वाचतं.

---

कराडची_मीरा | ११ एप्रिल, रात्री ११.३०

खाडीपलीकडे दादा, तुमची पोस्ट आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, त्या बाईंना माझा नमस्कार सांग.

तुम्ही म्हणता तसंच करते. आज सहा फोन केले, पहिल्या वाक्यात सगळं सांगितलं. दोघांनी नाही म्हटलं, चौघांनी या म्हटलं. एचआरकडूनही कळलं, बस कापसाळवरून येते, पावणेसहाला.

एकाने घर दाखवायच्या आधीच क्यूआर कोड पाठवला. म्हणाला मी सैन्यात आहे, बदली झालीय, डिपॉझिट पाठवा, चावी कुरिअरने येईल. फोटो फारच सुंदर होते.

---

लोटेकर | १२ एप्रिल, सकाळी ७.१५

ती फसवणूक आहे, नंबर ब्लॉक करा. सैन्याचं नाव सांगून फोटो पाठवायचे आणि आधी पैसे मागायचे, ही पद्धत देशभर चालू आहे. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि मालकाचं लाईटबिल किंवा घरपट्टीची पावती बघितल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही.

---

मुलुंडकर_चिपळूणचा | १२ एप्रिल, दुपारी ३.४०

मी या विषयात दुसऱ्या बाजूचा माणूस आहे. आमचा चिपळूणचा फ्लॅट आठ वर्षं बंद आहे. आम्ही वर्षातून दोनदा येतो, गणपतीला आणि शिमग्याला. माझ्यासारखे चाकरमानी खूप आहेत. संध्याकाळी कुठल्याही बिल्डिंगकडे बघा, निम्म्या खिडक्यांत दिवा नसतो.

भाड्याने का देत नाही, ते प्रामाणिकपणे सांगतो. एक म्हणजे भाडेकरू निघाला नाही तर काय, ही भीती. दुसरं, गणपती. आमचा गणपती वडिलांच्या काळापासून त्याच घरात बसतो. घर भाड्याने दिलं तर गणपती कुठे बसवायचा? आई म्हणते, मी असेपर्यंत तरी नको. आणि बंद घराचं काय होतं तेही बघतोय. बुरशी धरते, दारं फुगतात, गेल्या वर्षी कपाटातली सगळी भांडी काळी पडली होती.

---

दस्तलेखणी | १२ एप्रिल, सायं ५.२०

मुलुंडकर, पहिल्या भीतीला कायद्यात उत्तर आहे. नोंदणीकृत करार असेल आणि मुदत संपल्यावर माणूस निघाला नाही, तर त्याच भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं जायची गरज नाही. घर सोडेपर्यंत दुप्पट भाड्याने भरपाईही मागता येते. याला आधार नोंदणीकृत कराराचाच.

दुसरीचंही उत्तर कागदावर लिहिता येतं. एक खोली मालकाच्या ताब्यात, कुलूप त्यांचं, गणपतीचे ठरावीक दिवस मालकाचं कुटुंब त्या खोलीत राहील, स्वयंपाकघर दोघांत, त्या महिन्याचं भाडं इतकं कमी. मी असे करार केलेत. दोन्ही बाजूंनी आधी नीट बोलून घ्यावं लागतं, एवढंच.

---

मुलुंडकर_चिपळूणचा | १२ एप्रिल, रात्री १०.०५

हे मला माहीत नव्हतं. आज रात्री आईशी बोलतो. मीराताई, फ्लॅट कापसाळच्या वरच्या अंगाला आहे, पहिला मजला, लिफ्ट नाही. २०२१ ला रस्त्यापर्यंतही पाणी आलं नव्हतं, पण माझ्या शब्दावर जाऊ नका, शेजारी विचारा. आईने होकार दिला तर तुम्हाला विचारपूशीतून, म्हणजे इथल्या निरोपातून, कळवतो.

---

कराडची_मीरा | २७ एप्रिल, रात्री ९.००

उशिरा लिहितेय, क्षमस्व. रविवारी आईला घेऊन गेले होते. सुमतीकाकूंनी सांगितल्याप्रमाणे तिलाच चढू दिलं. चौदा पायऱ्या, मध्ये वळणावर चौकोनी जागा. तिथं ती थांबली, कठड्याला टेकली, मग उरलेल्या चढली. वर जाऊन म्हणाली, "दिवसातनं एकदा जमंल."

खालच्या मजल्यावरच्या काकूंना एकवीसचं विचारलं. म्हणाल्या, "इथे पाणी नव्हतं, माणसं होती. आमच्या हॉलमध्ये बाजारपेठेतली अकरा माणसं चार दिवस होती."

भाडं सात हजार, डिपॉझिट पंचवीस. मागची खोली त्यांची. गणपतीचे दहा दिवस ते सगळे येणार, त्या महिन्याचं भाडं निम्मं. मालकांच्या आई फोनवर आईशी अर्धा तास बोलल्या. त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या: गणपतीच्या कोनाड्यासमोर चपलांचा रॅक नको, आणि मधूनमधून कपाटं उघडून वारा लागू द्यायचा. करार ३६ महिन्यांचा, नोंदणी झाली, शुल्क दस्तलेखणींनी सांगितलं तेवढंच लागलं.

लाईटबिलाचं एक विचारायचं राहिलं होतं, ते सुटलं. मीटर स्वतंत्र आहे, बिल थेट महावितरणचं. मधल्या एका घरी सबमीटरवर युनिटला बारा रुपये सांगितले होते, पुढं बघणाऱ्यांनी हे आधीच विचारा.

---

सुमती_जोग | २७ एप्रिल, रात्री ९.३०

खूप बरं वाटलं. मुलाचं नाव वाचनालयात घाल. १८६४ सालचं आहे आपलं वाचनालय, दोन्ही पुरांत पुस्तकं भिजली, तरी पुन्हा उभं राहिलं. मी असते तिथे बऱ्याचदा.

---

कराडची_मीरा | २४ जून, रात्री १०.४५

घर लावून झालं. काल रात्रीपासून पाऊस थांबलेला नाही. सकाळी बस वेळेवर आली. संध्याकाळी घरी आले तर खालच्या काकू दारात उभ्या राहून फोनवर कुणाला तरी सांगत होत्या, "भरती साडेदहाला आहे, तोपर्यंत सामान वर घेऊन ठेवा." त्यांची बहीण मुरादपूरला राहते. आई म्हणाली, त्यांना इकडंच बोलवा, आपल्याकडं जागा आहे. मी पुढच्या खोलीत गाद्या घातल्यात. आत्ता त्या आल्या, बरोबर दोन मुलं आणि एक मांजर. भरतीचं महिन्याचं वेळापत्रक काकूंकडून उतरवून फ्रिजवर लावलंय.

कालच इस्त्रीवाल्या दादांनी सांगितलं, चिपळूणच्याच पाग भागात पहिल्या मजल्यावरचं एक घर महिनाअखेर रिकामं होतंय, साडेसहा हजार. तिथं एकवीसला पाणी नव्हतं, मी दोन शेजाऱ्यांना विचारून आलेय. या धाग्यावर कुणी शोधत असेल तर विचारपूस करा, मी सोबत येईन बघायला.